दुर्बिणीच्या पायाशी घड्याळ

दुर्बिणीतून चंद्र पाहण्याची हौस ज्यांनी कधी भागवून घेतली असेल त्यांना एक गंमत आठवत असेल. चंद्र नेमका मधोमध आणून आपण बाजूला होतो, घरातल्या लहानग्याला हाक मारतो, आणि तो येऊन डोळा लावतो तोपर्यंत चंद्र अर्धा कडेपार झालेला असतो! दुर्बीण कोणी हलवलेली नसते. हललेली असते ती आपल्या पायाखालची पृथ्वी. २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत ती स्वतःभोवती एक फेरी पुरी करते; म्हणजे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकते. चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे, तेव्हा स्वतःच्या रुंदीएवढे अंतर ओलांडायला त्याला दोन मिनिटे पुरतात. साध्या डोळ्यांना ही चाल जाणवत नाही. पण दुर्बीण जशी बिंब मोठे करते तशीच चालही मोठी करते. दोनशे पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत आकाशाचा जेमतेम पाव अंश मावतो, आणि विषुववृत्ताजवळचा तारा तो एका मिनिटात ओलांडून जातो.

नावेत बसलेल्याला काठावरची झाडे मागे जाताना दिसतात, हा दृष्टान्त आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये याच प्रसंगी वापरला होता. तत्त्व आम्हांला असे पंधराशे वर्षे ठाऊक आहे. परंतु एका मिनिटात माणसाने पाहावे काय आणि दुसऱ्याला दाखवावे काय, हा प्रश्न तत्त्वाने सुटणारा नव्हता. तो सोडवण्यासाठी सुतार, लोहार, घड्याळजी आणि अखेरीस गणकयंत्रवाले अशा सर्वांना कामाला लागावे लागले. त्या खटाटोपाची ही हकीकत.

दुर्बीण ज्यावर टेकवायची त्या बैठकीच्या मुख्य जाती दोन. पहिली तोफेच्या गाड्याची. नळी वरखाली होते आणि गाडा डावी-उजवीकडे वळतो, संपली बैठक. ती करायला सोपी, वजन पेलायला उत्तम. मात्र आकाशातला तारा सरळ वरही जात नाही आणि सरळ आडवाही जात नाही. तो तिरकस कमान करून जातो. म्हणून त्याच्यामागे जायचे तर दोन्ही हालचाली एकदम आणि क्षणाक्षणाला बदलत्या वेगाने कराव्या लागतात. दुसरी जात समजायला घरातले जाते डोळ्यांपुढे आणावे. जात्याचा खुंटा सरळ उभा न ठेवता ध्रुवताऱ्याकडे रोखून कलता केला, तर जात्याची पाळी ज्या चाकोरीत फिरेल तीच ताऱ्यांची चाकोरी. पुण्यास हा खुंटा क्षितिजापासून साडेअठरा अंश वर रोखावा लागेल, सॅन फ्रान्सिस्कोस पावणेअडतीस. एवढे केले की एकच हालचाल उरते, तीही एकाच वेगाने. म्हणजे घड्याळाचेच काम! या बैठकीला विषुववृत्तीय बैठक म्हणतात.

हे शहाणपण जुने आहे. इंग्लंडातील रॉबर्ट हुक याने १६७४ साली हेवेलियसच्या ग्रंथावर जी टीका लिहिली, तीत दुर्बिणीसारख्या वेधयंत्राला घड्याळ जोडण्याची कल्पना मांडलेली आहे. हुकची नजर बारीक होती. नेहमीचा लंबक टिकटिक करत हिसक्याहिसक्याने घड्याळ चालवतो. त्याला दुर्बीण जोडली तर ताराही हिसके खाईल, हे ओळखून त्याने शंकूसारखा गोल फिरणारा लंबक सुचवला. कल्पना कागदावरच राहिली आणि तिला रूप यायला पुढे दीडशे वर्षे लागली.

मधल्या काळात थोर वेधकर्त्यांनी काय केले? हातांनी ढकलले. विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी बाथ येथील आपल्या घराच्या बागेतून युरेनस शोधला तो लाकडी, पहिल्या जातीच्या बैठकीवरच्या दुर्बिणीतून. पुढे १७८९ साली त्याने ४८ इंची आरशाची, चाळीस फुटी नळीची प्रचंड दुर्बीण उभी केली. तिला दोर, कप्प्या आणि राबणारे गडी लागत. वर भाऊ नळीच्या तोंडाशी, खाली बहीण कॅरोलिन दिव्याशेजारी वही आणि घड्याळ घेऊन! तिच्या घड्याळाने वेळ सांगितली. दुर्बीण मात्र माणसांच्या मनगटांनी हलली.

हुकचे स्वप्न साकार केले ते एका अनाथ मुलाने. योसेफ फ्राउनहोफर हा बव्हेरियातील काच बसवणाऱ्याचा मुलगा. आईबाप लवकर गेले, म्यूनिचला एका आरसेवाल्याकडे उमेदवारी करू लागला, आणि १८०१ साली मालकाचे घरच कोसळून तो ढिगाऱ्याखाली गाडला गेला. त्याला जिवंत बाहेर काढताना खुद्द तिथला राजा हजर होता आणि त्याच्या कृपेने मुलाला शिकायला मिळाले. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील काळ्या रेषांना आज याच मुलाचे नाव आहे. त्याने १८२४ साली रशियन साम्राज्यातील डोर्पाट (आताचे एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेसाठी सुमारे साडेनऊ इंची भिंगाची दुर्बीण तयार केली. तिला ध्रुवाकडे रोखलेला अक्ष होता, आणि अक्षाला वजनावर चालणारे घड्याळ.

या घड्याळाची मेख तेवढी सांगितली पाहिजे, कारण पुढे तीच गोष्ट वेगळ्या वेषात भेटणार आहे. खाली उतरणारे वजन चक्रे फिरवते, हे ठीक. पण वजन मोकाट सोडले तर वेग वाढतच जाणार. फ्राउनहोफरने वरच्या बाजूस गरगर फिरणारे गोळे बसवले. वेग जरा वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि भोवतीच्या पात्राच्या कडेला घासत. घासले की वेग उतरे. थोडक्यात, तारा स्थिर ठेवला तो घर्षणाने! यंत्रकार ज्याला एरवी शत्रू मानतो त्यालाच त्याने कारकून म्हणून कामाला लावले.

डोर्पाटच्या विल्हेल्म स्ट्रूव्हेच्या हाती ही दुर्बीण पडली आणि त्याने सव्वादोन वर्षांत सुमारे १,२०,००० तारे तपासून ३,११२ जोडताऱ्यांची यादी १८२७ साली छापली. पुढे १८३७ मध्ये अभिजित ताऱ्याच्या अंतराचा अंदाज करणारे मोजमापही त्याने याच दुर्बिणीतून प्रसिद्ध केले. ताऱ्याशेजारच्या तारखा-आकड्यांपेक्षा बारीक अंतर मोजायचे तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि तारा जागेवर हवा. घड्याळाने नेमके तेच दिले. फ्राउनहोफर मात्र १८२६ सालीच, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. त्याची दुर्बीण तार्तूच्या जुन्या वेधशाळेत आजही पाहायला मिळते.

नंतर छायाचित्रण आले आणि घड्याळाला मानाचे पान मिळाले. डोळा क्षणात पाहतो, पण काचेच्या पट्टीला अंधूक प्रकाश तासतासभर पाजावा लागतो. अमेरिकेत हेन्री ड्रेपरने १८८० साली मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले ते ५१ मिनिटे पट्टी उघडी ठेवून. आयझॅक रॉबर्ट्सने १८८८ साली देवयानीतील तेजोमेघाची वळणे टिपली ती डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेल्या २० इंची आरशाच्या दुर्बिणीतून. आणि वाचकांना कौतुक वाटेल, त्याच कारखान्याची, तेवढ्याच आरशाची दुर्बीण त्याच सुमारास आपल्या पुण्यास आली! भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात (पुढचे अभियांत्रिकी महाविद्यालय) उभी राहिलेली ती महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिचे चालक प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. हिंदुस्थानातील त्या वेळची ती सर्वांत मोठी दुर्बीण. १८९८ च्या जानेवारीतील खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवाला यांनी जेऊर येथे मुक्काम करून घेतले होते. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुणेकरांनी तिच्यासाठी किती हळहळ केली कोण जाणे. फार केली नसावी, कारण तिच्यातून डोकावण्याचा योग सामान्य पुणेकराच्या वाट्याला थोडाच आला असेल!

इथेच या हकीकतीतले खरे दुखणे आहे. घड्याळ आले आणि दुर्बीण घुमटात गेली. ध्रुवाकडे कललेला अक्ष सगळे वजन तिरपे पेलतो, म्हणून त्याला बिडाचे अवजड अंग, खोल पाया आणि कायमची जागा लागते. या घराण्याचा कळस म्हणजे १९४८ साली खुली झालेली कॅलिफोर्नियातील पालोमारची २०० इंची दुर्बीण. तिचा पाचशे टनांहून अधिक भाराचा हलता भाग तेलाच्या पातळ थरावर इतका अलगद तरंगतो, की ताऱ्यामागे तो नेण्यास अश्वशक्तीच्या बाराव्या हिश्शाची मोटार पुरते. हौशी लोकांनीही, म्हणजे व्हर्माँटमधील रसेल पोर्टर आणि त्याच्या चेल्यांनी, १९२० नंतर घरच्या घरी आरसे घासायला सुरुवात केली होती. पण बैठक हीच त्यांचीही डोकेदुखी. सहा-आठ इंचांच्या पुढे आरसा गेला की नळापाइपांची बैठक थरथरू लागे.

ही कोंडी फोडणारा मनुष्य निघाला संन्यासी, आणि तोही वेदान्ती! जॉन डॉब्सन १९१५ साली पेकिंगमध्ये जन्मला, मुलगा असताना सॅन फ्रान्सिस्कोला आला, रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि १९४४ साली तेथील वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाला. ही सोसायटी १९०० साली स्वामी विवेकानंदांनी स्थापन केलेली. विश्वाविषयी विज्ञान काय सांगते आणि वेदान्त काय सांगतो याचा मेळ घालणे हे मठात त्याच्याकडे सोपवलेले एक काम. १९५६ च्या सुमारास त्याने जहाजाच्या खिडकीची जाड काच मिळवून घासली, आरसा केला, चंद्राकडे लावला. आणि जे दिसले ते प्रत्येकाने पाहिलेच पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. पुढे सॅक्रॅमेंटोच्या मठात असताना तो रात्री चाकांवरची दुर्बीण ढकलत गल्लीबोळांतून हिंडे आणि लोक जमत. मठाला हे उद्योग फारसे मानवणारे नव्हते, तेव्हा बाहेरच्या मित्रांशी पत्रव्यवहार सांकेतिक भाषेत चाले. दुर्बिणीला ‘जिरेनियम’ म्हणायचे. नळीत आणि खोक्यात बसलेली दुर्बीण म्हणजे कुंडीतले जिरेनियम, आणि आरशाला चकाकी चढवून झाली की जिरेनियम फुलले! १९६७ साली डॉब्सनला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने दोन तरुण सोबत्यांसह पदपथावर आकाश दाखवणाऱ्यांची मंडळी स्थापली. सॅन फ्रान्सिस्कोतील जॅक्सन आणि ब्रॉडरिक रस्त्यांचा कोपरा हा त्यांचा अड्डा, आणि येणारा-जाणारा हा त्यांचा पाहुणा.

डॉब्सनची दुर्बीण म्हणजे काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात तसली पुठ्ठ्याची नळी, प्लायवुडचे खोके, पातळ काचेचा मोठा आरसा आणि जुनी तोफेची बैठक. शतकानुशतके माणसे तोफा याच बैठकीवरून डागत आली, असे सांगून तो स्वतःकडे शोधाचे श्रेय घेतच नसे. पेटंट त्याने घेतले नाही. खरी युक्ती मात्र होती, आणि ती पुन्हा घर्षणाचीच! बॉल बेअरिंगऐवजी त्याने टेफ्लॉनचे छोटे तुकडे ठेवले आणि त्यांवर गुळगुळीत पृष्ठभाग सरकू दिला. पुढे लोकांनी त्या जागी फॉर्मायका वापरला. या जोडीचा गुण असा की थांबलेली वस्तू सुरू करायला जेवढा जोर लागतो, जवळजवळ तेवढाच ती चालू ठेवायला लागतो. म्हणून बोट लावले की नळी हलते आणि बोट काढले की तिथल्या तिथे थांबते, ना पुढे ना मागे. बारा, सोळा, चोवीस इंचांचे आरसे रस्त्यावर आले ते या चार तुकड्यांच्या जिवावर. फक्त एक गोष्ट मागे घुमटात राहिली, ती म्हणजे घड्याळ.

तेव्हा डॉब्सनच्या दुर्बिणीला मोटार बसवावी की नाही, या प्रश्नावर दोन पक्ष पडणे ओघानेच आले. एक पक्ष म्हणतो की साधेपणा हाच तिचा प्राण; तारा निसटतो तेव्हाच पृथ्वी फिरते हे मुलाला कळते; मोटार लावून तेही घालवू नका. मला या म्हणण्यात तथ्य वाटते; एकट्याने पाहणाऱ्याला बोटाने ढकलण्याची सवय दोन रात्रींत होते आणि त्यात एक सुखही आहे. परंतु डॉब्सनने दुर्बीण एकट्यासाठी केली नव्हती. रांग लागली की हिशेब बदलतो. दाखवणारा शनी मध्ये आणतो. पुढची आजीबाई काठी बाजूला ठेवते, चष्मा काढते, स्टुलाच्या दोन पायऱ्या चढते, कोणता डोळा लावायचा ते विचारते, आणि मग म्हणते, ‘काही दिसत नाही रे बाबा!’ तिचे काही चुकलेले नसते. तिचे मिनिट संपलेले असते. तरुणाला साठ सेकंद पुरतात. म्हाताऱ्या आणि अजाण मुलांना पुरत नाहीत, आणि संकोची माणूस तर काहीच न दिसता ‘हो, दिसले’ म्हणून खाली उतरतो. पदपथावरच्या दुर्बिणीला मोटारीची गरज आहे ती या माणसांसाठी.

पहिला तोडगा निघाला तो दुर्बिणीला न शिवता. आद्रियाँ पोन्से याने जानेवारी १९७७ च्या ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात एक फळी दाखवली. खाली एक फळी, वर एक फळी. एका टोकाला टेकू देणारी खिळी, दुसऱ्या टोकाला नेमक्या कोनात तासलेला उतार. वरची फळी सरकू लागली की ती ध्रुवाकडे रोखलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षाभोवती कलते. तिच्यावर अख्खी डॉब्सनी दुर्बीण खोक्यासकट ठेवून द्यायची, लहानशा मोटारीने एक आटेदार दांडा फिरवायचा, की दुर्बीण तासाला पंधरा अंश कलत जाते आणि तारा खिळून राहतो. तासाभराने फळी कलंडण्याच्या बेतास येते. ती मागे आणून पुन्हा सुरू करायची. पुढे दोतूम नावाच्या गृहस्थाने १९८८ साली या उतारांना शंकूचा आकार देऊन फळी अधिक भारक्षम केली.

आपल्या मुलखात या फळीची एक अडचण आहे, तिचा उल्लेख केला पाहिजे. अक्ष ध्रुवाकडे जातो आणि आपला ध्रुव पडला बुटका. डोर्पाटसारख्या ठिकाणी अक्ष अठ्ठावन्न अंशांनी झपाट्याने वर चढतो आणि दुर्बिणीच्या पोटातून जातो. मग ती पाळण्यासारखी समतोल झुलते. पुण्यास तो साडेअठरा अंशांनी सरपटत जातो, दुर्बिणीचे सारे वजन त्याच्या वर राहते, आणि कलताना ती कलंडू पाहते. उपाय एवढाच की दक्षिणेकडचा टेकू भरपूर उंच करायचा. म्हणून परदेशी पुस्तकातले माप घेऊन सुताराकडे जाण्यात अर्थ नाही.

दुसरा तोडगा म्हणजे तोफेलाच शहाणे करणे. दोन्ही अक्षांना दोन मोटारी लावायच्या आणि कोणती किती वेगाने फिरवायची हे क्षणोक्षणी गणित करून ठरवायचे. माणसाला हे जमण्यासारखे नव्हते, पण गणकयंत्राला जमते. मोठ्या प्रमाणावर हे प्रथम केले रशियनांनी. कॉकेशस पर्वतातील सहा मीटर आरशाची त्यांची दुर्बीण १९७५ साली तोफेच्या बैठकीवर गणकयंत्राच्या आज्ञेने चालू लागली. तेव्हापासून वाऱ्याची दिशाच बदलली, आणि त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या दुर्बिणींनी ध्रुवाकडचा अवजड अक्ष सोडून दिला. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुका या संस्थेची २००६ साली सुरू झालेली दोन मीटर दुर्बीणही याच बैठकीची. म्हणजे हर्शेलपासून निघालेली पालखी फिरून त्याच्याच दारी आली!

हौशी मंडळींच्या हाती हे गणित आले ते जपानच्या तोशिमी ताकी याच्या १९८९ सालच्या लेखाने. दुर्बिणीची बैठक सपाट असो की कलती. दोन ओळखीचे तारे तिला दाखवून द्या, म्हणजे बाकीचे आकाश ती स्वतः मांडून घेईल, अशी त्याची रीत. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ओरेगनच्या मेल बार्टेल्सने घरगुती गणकयंत्रावर चालणारी आज्ञावली आणि तिच्या जोडणीचा आराखडा तयार करून जगाला फुकट वाटला. डॉब्सनचा वारसा याहून सरळ कोणी चालवला असेल असे मला वाटत नाही.

मोटार बसवणे मात्र वाटते तितके सुलभ नाही. अशा कामाची स्टेपर मोटार एका फेरीत २०० पावले टाकते. दुर्बीण एकेका विकलेने हलवायची तर पुऱ्या वर्तुळाच्या १२,९६,००० विकला. म्हणजे दुर्बिणीच्या एका फेरीस मोटारीच्या ६,४८० फेऱ्या होतील इतकी चक्रांची उतरंड मध्ये हवी. हल्ली मोटारीचे पाऊलच विजेने बारीक करतात, म्हणून उतरंड लहान झाली. दात्यांतल्या मोकळ्या फटीने तारा मागेपुढे डुलतो, तेव्हा पुष्कळ जण दाते टाळून खोक्याच्या कडेवर रूळ दाबून फिरवतात. आणि टेफ्लॉन? बोटाच्या वेगाला गुणी ठरलेले ते तुकडे मोटारीच्या मुंगीपावलांना अडखळतात. काढून टाकावेत तर वाऱ्याच्या झुळुकेने नळी हलते. यावर कारागीर मंडळी मध्ये एक सैल-घट्ट होणारा क्लच ठेवतात. घट्ट केला की मोटार चालवते, सैल केला की दुर्बीण पुन्हा जुनी, हाताने ढकलायची. चंद्र दाखवायचा असेल तर वेगही किंचित कमी करावा लागतो, कारण तो स्वतः ताऱ्यांमधून तासाला अर्धा अंश पूर्वेकडे चालत असतो. छायाचित्राला ही योजना एकटी पुरत नाही. तारा मधोमध राहिला तरी भोवतीचे आकाश त्याच्याभोवती हळूहळू फिरते. डोळ्याला त्याची बाधा नाही.

एक खोड राहतेच, आणि ती आपल्याकडे अधिक जाणवते. तोफेच्या बैठकीला थेट डोक्यावरचे लक्ष्य साधत नाही. डोर्पाट किंवा सॅन फ्रान्सिस्कोहून ग्रह कधीच डोक्यावर येत नाहीत. पुण्या-मुंबईहून ते येऊ शकतात. दिवाळीच्या अमावास्येला संध्याकाळी पूर्वेस कृत्तिका उगवतात, मागोमाग रोहिणी, आणि रात्री दोनच्या पुढेमागे रोहिणी पुण्याच्या माथ्यापासून अवघ्या दोन अंशांवरून जाते. त्या वेळी खालच्या मोटारीला नेहमीच्या पंचवीस पटींहून अधिक वेगाने धावावे लागते, आणि पुष्कळ मोटारी तिथे हात टेकतात. जाणती माणसे तेवढा वेळ क्लच सैल करतात, नळी हाताने पलीकडे नेतात, रोहिणी पश्चिमेकडे उतरू लागली की पुन्हा घट्ट करतात आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावतात.